कोरड्या खोलीतला गिअरबॉक्स

कुडवा गावातल्या ज्या गृहस्थांकडून मी जुनी गाडी घेतली, ते भेटले की आधी गाडीची तब्येत विचारतात, मग माझी.

"गिअर बराबर पडून राहिले ना, भाऊ?"

"हो," मी म्हणतो.

गाडीसोबतचा जादा गिअरबॉक्स त्यांनी स्वतःकडेच ठेवला. "तुमच्या घरी ओल आहे," म्हणाले. त्यांच्या घरात कोरडी खोली एकच. तिथली तांदळाची पोती त्यांनी पडवीत काढली. कोणीतरी कोंड्यात पुरून ठेवायला सुचवलं, तर भडकले. "कोंडा ओल धरते. लोखंड सडवता कायले?"

गिअरबॉक्स लाकडी पाटावर आहे. आत तेल, तोंडात चिंध्यांचे बोळे, वरून बारदाना. दर रविवारी बारदाना काढून ते शाफ्ट हाताने फिरवतात, म्हणजे तो जाम होत नाही.

गेल्या महिन्यात मला बोलावून त्यांनी तो फिरवून दाखवला. "टेन्शन नोका घेऊ. तुमच्यासाठीच सांभाळून राहिलो."

गाडी मी दिवाळीतच भंगारात दिली होती. गिअरबॉक्स सोडून तिचं सगळं निकामी झालं होतं.

पुढच्या रविवारी मी दुचाकीवर त्यांच्याकडे गेलो. तेलाचा डबा घेऊन.