मास्तरांच्या मापाचा फटका

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कोट शिवणारे. बेचाळीस वर्षं कात्री चालवलेला हा माणूस साठीत गोल्फच्या नादी लागला तो लेकीपायी. तिच्या लग्नाला वर्ष झालं, तरी मास्तर आणि व्याही समोरासमोर बसले की हवापाण्यापलीकडे बोलणं सरकत नसे. व्याही पक्के गोल्फवेडे. "बाबा, एकदा त्यांच्याबरोबर खेळून तर बघा," लेक म्हणाली. व्याह्यांशी आपलं जमावं असं मास्तरांनाही मनापासून वाटत होतं. रविवार ठरला, हाताशी तीन आठवडे.

व्याह्यांनी फोनवर मंत्र दिला, "आधी कंबर वळवा, हात आपसूक येतात." सरावाच्या मैदानावरचे प्रशिक्षक म्हणाले, "कंबर विसरा. हात मोकळे सोडा, अंग मागोमाग येतं." मास्तरांना दोघांचंही पटलं, आणि तिथेच घोळ झाला. एकाचं ऐकावं तर चेंडू रुसणार, दुसऱ्याचं ऐकावं तर व्याही.

मग त्यांनी शिंप्याची अक्कल लढवली. दुकानाच्या फरशीवर खडूने पावलं आखली, खाकी कागदावर दोन्ही फटक्यांचे नमुने काढले आणि खुशाल जोडकाम केलं. कंबर व्याह्यांची, हात प्रशिक्षकांचे, वर शिलाईला दोन बोटं जादा माया. स्वतःवर बेहद्द खूश होऊन ते मैदानावर गेले. पुढचे पंधरा दिवस तिथलं गवत उडालं, माती उडाली. चेंडू तेवढा जागचा हलला नाही.

शेवटी एका संध्याकाळी त्यांची बायको बघायला आली. दुकानातली काजं-बटणं तिच्याकडे, त्यामुळे नजर बारीक.

"अहो, तुमचा उजवा खांदा पाऊण इंच खाली आहे. तुमच्या प्रत्येक कोटात मी तिथे गादी भरते."

"मग त्याचं काय?"

"कंबर वळवली की तो आणखी झुकतो, आणि काठी मातीत जाते. गिऱ्हाइकाला उभं केल्याशिवाय तुम्ही कात्री लावत नाही. इथे माप कुणाचं घेतलंत?"

मास्तर ओशाळले. दोघांचे फटके बेतले होते, स्वतःचं अंग मोजलंच नव्हतं. त्यांनी कंबर सोडून दिली, हात सैल केले, आणि तिसऱ्या फटक्याला चेंडू हवेत गेला. मास्तर चक्क नाचले.

आनंद रविवारपर्यंतच टिकला. बायकोला घेऊन ते व्याह्यांच्या मैदानावर पोहोचले. व्याह्यांची शिकवण त्यांच्याच देखत मोडायची होती. त्यांनी फटका मारला. चेंडू फार लांब गेला नाही, पण समोरचा चर ओलांडून सरळ पडला.

"कंबर वळवली नाहीत तुम्ही," व्याही म्हणाले.

मास्तरांनी खरं ते सांगून टाकलं, "माझ्या मापाची नव्हती ती." मग खांद्याचीही गोष्ट सांगितली.

इकडेतिकडे पाहून व्याही हळूच म्हणाले, "विहीणबाई, बावीस वर्षं माझा चेंडू उजवीकडेच पळतोय. माझे खांदे जरा बघता का?"

विहीणबाईंनी पर्समधून टेप काढली आणि मास्तर मापं लिहून घ्यायला बसले.

दुपारी लेकीने धास्तावून सासऱ्यांना फोन लावला. "नंतर कर गं," ते म्हणाले, "आम्ही बोलतोय."