भंगारवाल्यांची सून

चार जणी जमल्या की प्रत्येकीला सासरचं काही ना काही सांगायचं असतंच. माझ्याकडं जरा जास्तच साठलंय! बदनापूरजवळच्या गावात माझं सासर. शेती भरपूर, बैल चांगले आणि घरभर मोडकं सामान. समया, कुलपं, पालखीचे दांडे, अत्तरदाण्या! जुनं दिसलं की आणायचं, घासायचं, जोडायचं आणि पुन्हा उभं करायचं. ही निजामाच्या राज्यातली गोष्ट. गाव आम्हाला ‘भंगारवाले’ म्हणायचं. त्याचं घरात कुणालाच वाईट वाटत नव्हतं, एक माझी नणंद वच्छी सोडली तर.

*

लग्न होऊन मी उंबऱ्यात उभी. डोक्यावर पदर, पुढ्यात ओलांडायचं माप. पण ओवाळायला कुणी येईचना! सगळं घर माझ्या रुखवतातल्या तांब्याच्या घंगाळाभोवती जमलेलं. एका बाजूनं चेपलेलं ते घंगाळ माझ्या आईनं नाइलाजानं दिलं होतं, मला तर त्याची लाजच वाटत होती.

सासूबाईंनी विचारलं, “कवाचं हाये गं हे?”

मी हळूच म्हटलं, “माझ्या पणजीचं.”

सासूबाईंनी सासऱ्यांकडं विजयी मुद्रेनं पाहिलं. “म्हन्लं न्हवतं? पोरगी चांगल्या घरची हाये!”

मग मला आत घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी हातात चिंच आणि राख आली.

*

सासरे, म्हणजे आमचे मामा, पेरणीच्या तोंडावर जालन्याला तिफण आणायला गेले. गेले तिफणीला आणि आले दार घेऊन! सागवानी, नक्षीचं, पितळी फुलांचं दार. बैल बिचारे दमून गेलेले.

मला वाटलं, आज घरात महाभारत होणार. सासूबाई पदर खोचून बाहेर आल्या, दाराभोवती एक चक्कर मारली आणि कडाडल्या, “दुसरी फळी कुठं हाये?”

मामा चाचरले. “दुकानातच राह्यली.”

“जोडी मोडून आनली? लाज न्हाई वाटत? जल्दी जा माघारी!”

मामा तसेच माघारी गेले. त्या वर्षीची पेरणी शेजाऱ्यांच्या तिफणीनं झाली.

*

एकदा कुणीतरी कागाळी केली की यांच्या घरात तलवार आहे. पोलीस ठाण्याचे अमीनसाहेब दोन शिपाई घेऊन आले. मामा ओट्यावर बसून विटेच्या भुकटीनं तीच तलवार घासत होते.

“ये जप्त होगी!”

“बराबर हाये साहेब,” मामा म्हणाले. “पन अर्धा गंज राह्यलाय. अशी नेली तर लोक म्हनतील, कोन्या गबाळ्याच्या घरची हाये! शुक्रवारी या.”

अमीनसाहेब आधी भडकले, मग ओट्यावर टेकले. थोड्या वेळानं मामांना म्हणाले, “ऐसे नहीं, इधर से घिसो,” आणि स्वतःच भुकटी हातात घेतली. शुक्रवारी तलवार न्यायला आले तर ती लखलखत होती. उलटीसुलटी करून पाहत साहेबांनी दरडावलं, “इसकी म्यान कहाँ है?”

“तीच हुडकून राह्यलो साहेब!”

तलवार रीतसर जप्त झाली. पण पुढं कधीही दौरा असला की अमीनसाहेबांचा घोडा आमच्या दारात थांबायचाच. “क्यों, म्यान मिली क्या?”

*

आता वच्छीचं सांगते. या घरात सगळ्यात सफाईचा हात तिचा. पण तिला बघायला आलेल्या पहिल्या मुलाच्या चुलत्यांना बसायला दिली नुकतीच जोडलेली खुर्ची. तिचा सरस वाळला नव्हता! चहा झाला, सुपारी झाली, पाहुणे उठले आणि खुर्चीही उठली. धोतराला चिकटलेली! आमचे हे पाहुण्यांचं धोतर ओढायला लागले.

सासूबाई आतून ओरडल्या, “ओढू नका! पॉलिश जाईल!”

स्थळ मोडलं. पुढची दोन तर घरातली अडगळ बघून ओट्यावरूनच परतली. तिसरं गेलं त्या संध्याकाळी वच्छी चुलीपाशी माझ्याजवळ बसली. “वैनी, या घरात जुनं झाल्याबिगर मोल येत न्हाई. मी बी जुनी व्हायची वाट बघून राह्यले का हे लोक?” मला आधी हसू आलं, मग तिचा चेहरा पाहिला. मी तिला जवळ घेतलं.

*

मग वडीगोद्रीचं स्थळ आलं. मुलगा पूर्वी एकदा बैल बघायला आला होता, तेव्हा वच्छीनं त्याला दारामागून पाहिलेलं. ती मला म्हणाली, “वैनी, हे मोडू देऊ नका.”

आम्ही सगळं सामान कडब्याखाली लपवलं. मामांनी एकच वस्तू हलवू दिली नाही, भिंतीवरचं घड्याळ. ते मेलेलं आणलं होतं. लंबकाची चकतीच नव्हती. मामांनी तीन करून पाहिल्या, घड्याळ चालेना. शेवटी वच्छीनं उन्हाळाभर ठोकून, घासून चौथी केली तेव्हा ते टिकटिकलं.

मुलाचे वडील आत आले, घड्याळापाशी थांबले, आणि तिथून हलेनात. वच्छी पाटावर येऊन बसली तरी त्यांची मान वरच. मी ओळखलं, हा आमच्यातलाच माणूस!

अखेर ते म्हणाले, “पोरगी पसंत. हुंडा बिलकुल नको. फकस्त हे घड्याळ द्या.”

मामांनी क्षणाचाही विचार केला नाही. “पोरगी न्या. घड्याळ न्हाई मिळायचं!”

“मंग राह्यलं,” म्हणत पाहुण्यांनी पटका डोक्यावर ठेवला. मुलाचा चेहरा उतरला. सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

वच्छी पाटावरून उठली. बघायला आलेल्यांसमोर मुलगी अशी उठत नाही! तिनं घड्याळाचं काचेचं दार उघडलं आणि लंबकाची चकती काढून घेतली. घड्याळ दोनदा अडखळलं आणि थांबलं. तिनं चकती पदराला घट्ट गाठ मारून बांधली आणि वडिलांकडं वळली.

“घड्याळ तुमचं हाये दादा. हे माझं. हे माझ्यासंगं वडीगोद्रीला चाललं.”

आणि पुन्हा पाटावर बसून तिनं रीतसर मान खाली घातली.

मामा बंद घड्याळाकडं बघत राहिले, मग त्या गाठीकडं. शेवटी ते व्याह्यांना म्हणाले, “तुमच्या गाडीत कडबा हाये का भरपूर? काच फुटायची!”