लासुर्ण्याची भिंत आणि आखूड लिंक

बारामतीतल्या एका छोट्या ऑफिसात मी काम करते. ग्राहकाच्या वेबसाइटवर नवी सूचना आली की आमची यंत्रणा ती आपोआप उचलते आणि त्याच्या फेसबुक पानावर टाकते. ग्राहक म्हणजे काही शाळा, एक रोपवाटिका आणि लासुर्ण्याजवळची एक पाणीवापर संस्था. काम कंटाळवाणं आहे, आणि म्हणूनच ते नीट चालतं.

नीट चाललेलं आमच्या सरांना बघवत नाही. सर माझ्याहून बारा वर्षांनी लहान. पुण्याला दोन दिवसांचं कसलंसं शिबिर करून आले आणि टेबलावर गॉगल ठेवत म्हणाले, "आपल्या पोस्टमधले पत्ते केवढे लांब असतात. गावंढळ दिसतं. लिंक आखूड करायची सोय टाकू. कुणी किती क्लिक केले तेही कळेल."

सोय म्हणजे सेटिंगमधला एक चौकोन. त्यात खूण केली की वेबसाइटचा पूर्ण पत्ता जाणार आणि त्या जागी सहा-सात अक्षरांचा तुकडा येणार. त्यात ना संस्थेचं नाव, ना गावाचं. मी नेहमीप्रमाणे कामांची यादी केली. चौथ्या ओळीत लिहिलं : सुरू करण्याआधी प्रत्येक ग्राहकाला फोन. सरांनी माझ्याच पेनने ती ओळ खोडली. "त्यांना काय कळतंय त्यातलं?" आणि सगळ्या ग्राहकांच्या नावापुढे स्वतःच खूण करून टाकली. नाव सोयीचं आणि विचारायचं कुणालाच नाही. ओळ परत लिहायला माझा हात मोडला नव्हता, पण मीही लिहिली नाही.

पुढच्याच आठवड्यात पाणीवापर संस्थेची सूचना आली. उन्हाळी आवर्तनाचे, म्हणजे कालव्याच्या पाण्याच्या पाळीचे, अर्ज वेबसाइटवर भरायचे, मुदत गुरुवारी संध्याकाळी सहा. अर्ज नाही तर यादीत नाव नाही, आणि यादीत नाव नाही तर शेताकडच्या चारीला पाणी आलं तरी आपलं रान कोरडंच राहणार. पुढचं पाणी येईपर्यंत उभी मका वाळून जाते.

बुधवारी सकाळी संस्थेच्या सचिवांचा फोन आला. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, सगळे त्यांना तात्या म्हणतात.

"म्याडम, पत्ता बदलला का काय तुमी?"

"नाही तात्या. का?"

"चारच अर्ज आलेत. त्यातला एक माझा हाय."

मी स्कूटर काढली. संस्थेच्या कार्यालयाबाहेर भिंतीजवळ पाच-सात माणसं उभी होती. त्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने संस्थेच्या वेबसाइटचा पत्ता रंगवला आहे, तळहाताएवढी इंग्रजी अक्षरं आणि खाली त्यांचा मराठी उच्चार. मागच्या वर्षी वीजबिलाच्या नावाने आलेली लिंक उघडून गावातल्या दोघांचे फोन भामट्यांच्या ताब्यात गेले होते. तेव्हापासून गावाचा नियम झाला. लिंक आली की भिंतीशी ताडून बघायची, जुळली तरच बोट लावायचं. हे मला त्या दिवशी कळलं. चौथी ओळ पाळली असती तर एका फोनमध्ये कळलं असतं.

भिंतीपाशी एक आबा होते. वडिलांच्या काळात घरात मेंढरं होती, आता दोन एकर मका. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

"भितीवर हाय त्यो पत्ता बघा, आन ह्यो बघा. काय जुळतंय का?"

"नाही जुळत. पण लिंक आमचीच आहे, आबा."

"चोर काय सांगत आसंल मग? त्यो बी ह्येच म्हणत आसंल."

बाकीचे हसले. आबा हसले नाहीत. "मीच समद्यांला सांगितलंय, फसवी हाय, उघडू नगा. खरी आल्यावर भरू." आलेल्या चारांनी पत्ता भिंतीवरून बघून हाताने टाइप केला होता.

म्हणजे सगळं गाव शहाण्यासारखं वागलं होतं. अडाणी एकच होता, आणि तो बारामतीत एसीत बसला होता. त्याला फोन केला.

"लोकांना शिकवा ना जरा," सर म्हणाले.

"शिकलेलेच आहेत, सर."

कार्यालयातल्या बाकावर लॅपटॉप उघडला आणि नुसती या संस्थेची नाही, सगळ्याच ग्राहकांची खूण काढून टाकली. आधीची पोस्ट पुसली, पूर्ण पत्त्याची टाकली. पण आबांचा इशारा गावभर पोचला होता, आणि माझ्या शब्दाला तिथं काही किंमत नव्हती. असायचं कारणही नव्हतं. आबांनी चष्मा लावून नवा पत्ता भिंतीशी जुळवला, मगच गावाच्या ग्रुपवर आवाज पाठवला, "आता जुळतंय. भरा."

गुरुवारी दुपारी मी परत गेले. नावांची यादी तात्यांकडून घेतली आणि अर्ज येईल तसं एकेक नाव खोडत बसले. पाच वाजता तीन नावं उरली. दोघं अंथुर्ण्याच्या रस्त्याला राहणारे, फोन उचलत नव्हते. तात्या कागदी अर्ज घेऊन मोटरसायकलवर निघाले आणि साडेपाचला दोन सह्या घेऊन आले, ते अर्ज मी वेबसाइटवर भरले.

तिसरं नाव आबांचं. गावाला दोन दिवस सांभाळण्यात त्यांचा स्वतःचाच अर्ज राहिला होता. निरोप गेल्यावर ते आले ते थेट भिंतीपाशी.

"आबा, काल जुळवला होता तुमीच," तात्या म्हणाले.

"काल काल होतं, तात्या. मधी कुणी बदलला आसंल तर?"

मी भिंतीवरचं एकेक अक्षर वाचू लागले, ते फोनवर बोट सरकवू लागले. सहाला वीस मिनिटं होती. तेवढ्यात सरांचा फोन.

"त्या आखूड लिंकवर एकूण क्लिक किती झाले? पुण्याला पाठवायचंय."

"दोन. दोन्ही माझे."

ते पुढे काही बोलत होते. मी फोन बंद करून पर्समध्ये टाकला.

"कुठं होतो आपण?" आबांनी विचारलं.

"शेवटून तिसरं अक्षर."

"मग पयल्यापास्नं घ्या."

पहिल्यापासून घेतलं. अर्ज गेला तेव्हा सहाला चार मिनिटं कमी होती, आणि तात्यांनी यादीत आबांच्या मकेपुढे पाण्याचा वार लिहिला.