मोठी सुटकेस

नवा सर्व्हर बसवायला आलेल्या त्या माणसाची सुटकेस एवढी मोठी होती, की आमच्या साहेबांना वाटलं, हा महिनाभर भिलाईतच मुक्काम ठोकणार.

कारखान्याचा जुना सर्व्हर शेवटच्या घटका मोजत होता. त्याच्यातली सगळी व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच डब्यात नांदणारे वेगवेगळे संगणक, नव्यावर हलवायची होती. स्क्रीनवरचा आकडा सांगत होता, जागा पुरणार नाही.

"रिटायर लोकांचं रेकॉर्ड जुन्यावरच राहू द्या मग," साहेब म्हणाले. माझे बाबा त्यातच होते.

त्या माणसानं कानामागची पेन्सिल काढून स्क्रीनवर टकटक केलं. बोलण्याआधी टकटक करायची त्याची सवयच होती.

"साहेब, हा आकडा दिलेल्या जागेचा हाय. भरली किती, ते आत जाऊन पाहा लागते. मोठं क्वार्टर भेटलं म्हणून सगळ्या खोल्यांत माणसं असतात का?"

आत पाहिलं, तर निम्मी जागा रिकामीच. ती वगळून कॉपी केल्यावर सगळं मावलं, बाबांसकट.

निघताना मी त्याची सुटकेस जोर लावून उचलली आणि पडता पडता वाचलो. ती रिकामी होती.

"आई वारली मागच्या महिन्यात," तो म्हणाला. "तिचं इथलं क्वार्टर खाली करून द्याचं हाय. तिचं सामान न्याले आणली."

दुसऱ्या दिवशी तो शेजारच्या दुर्ग स्टेशनवर दिसला. सुटकेस धरायला मी हात पुढे केला.

"राहू द्या भाऊ, हलकीच हाय. तीन खोल्यांतून चार साड्या अन् पानाचा डबा निघाला."

त्यानं पेन्सिल काढून सुटकेसवर टकटक केलं. मी वाट पाहिली, पण या वेळी तो काहीच बोलला नाही.