दिव्याजवळचं पीठ

मी अन् माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे खाटेची नवार कसणं. एका टोकाला ती, एका टोकाला मी.

"ओढा ना जोरानं, जेवले नाही का?"

"तूच ढिली सोडून राहिली वं," मी म्हणालो.

हसली. चहा टाकायला आत गेली आणि गॅसपाशी पडली. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. माणूस असा जातो? मला अजून समजत नाही.

ती अंगणवाडीत मदतनीस होती. अंगणवाडीला स्वतःची जागा नाही, म्हणून ती आमच्याच समोरच्या खोलीत भरायची. त्याच संध्याकाळी तिला अग्नी देऊन घाटावरून आलो तर अंगणवाडीची बाई दारात उभी. रडून डोळे सुजलेले.

"बाबा, तुमच्याकडं सुतक. वस्तीत दुसरं कोणी खोली देत नाही, लेकरं मुततात म्हणतात. वरचे सांगून राहिले, मोठ्या रस्त्यापलीकडच्या अंगणवाडीत पाठवा."

त्या रस्त्यावर ट्रक धावतात. आया सकाळीच धुण्याभांड्याला जातात. एवढ्या लहान लेकरांना पोचवणार कोण? म्हणजे घरीच बसणार, आणि बसली की बसलीच. हिची राख गरम होती, अन् हिची लेकरं उठवायला निघाले.

हिला जिथं निजवलं होतं तिथं, त्याच समोरच्या खोलीत, माझ्या मोठ्या बहिणीनं रात्री दिवा लावला. बाजूला पीठ पसरून टोपली झाकली. गेलेलं माणूस कोणत्या जन्माला गेलं, त्याचं पाऊल पिठात उमटतं म्हणतात आमच्यात.

सकाळी बहिणीनं टोपली उचलली. सगळे वाकले. तेवढ्यात शेजारची चार वर्षांची पोरगी उघड्या दारातून आत आली, रोजच्यासारखी. अंगणवाडी बंद आहे हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. सरळ पिठापुढं मांडी घातली अन् बोटानं 'ग' काढला. पाट्या कमी, म्हणून माझी बायको लेकरांना किडीनं जाळं धरलेल्या जुन्या पिठात अक्षरं गिरवायला लावायची.

बहीण किंचाळली, "ऊठ वं! काय केलं हे!"

पोरगी माझ्याकडं पाहत म्हणाली, "आजोबा, चुकलं का जी?"

"नाही. काढ आणखी."

"भाऊ, येड लागलं का गा तुले? सुतक हाय!"

"सुतक मले हाय. लेकरायले नाही."

सुतक फिटेपर्यंत तो दिवा हलवत नसतात. मी उचलला, आतल्या खोलीत नेऊन ठेवला. समोरच्या खोलीत सतरंजी अंथरली आणि बाकीच्या लेकरांना आणायला घरोघरी निघालो.