दत्ताची समुद्रगाय

“दत्ता गेला,” एवढंच फोनवर ऐकू आलं. नारायणगावच्या माझ्या गाळ्यावर टोमॅटोचे लिलाव ऐन रंगात होते. एका कानात बोट घालून मी ओरडलो, “आता आनि कुठं गेला? परवाच तर आलाय न्हवं!” पलीकडं त्याची बायको सुनंदा होती. ती हमसून रडायला लागली... आणि मग ते ‘गेला’ माझ्या डोक्यात शिरलं. महिना उलटला तरी नीट शिरलेलं नाही. सकाळी घरात चहा पिता पिता त्यानं बशी खाली ठेवली आणि तो कलंडला. या माणसाला एक दिवस पाणीच गिळणार, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तो कोरड्या फरशीवर गेला. मला अजून त्याचा राग येतो.

आमचं गाव लेण्याद्रीच्या अलीकडं. शाळेत असताना आम्ही पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलो, दत्ता डब्याशिवाय. आम्ही अंग मुडपून मुटक्याची उडी मारायचो आणि लगेच वर यायचो, हा आपला तळाशी. गावातली विहिरीत पडलेली प्रत्येक घागर यानंच वर काढली. पुढं नव्वद सालाच्या आसपास त्यानं जुन्नरला फोटो स्टुडिओ टाकला आणि लग्नांचे फोटो काढत बरा स्थिरावला. मग कुठल्याशा टूरवाल्याबरोबर फोटो काढायला अंदमानला गेला, तो पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरायला शिकूनच परतला. येताना डोक्यात डुगाँग घेऊन आला. डुगाँग म्हणजे समुद्रगाय, समुद्राच्या तळाचं गवत खाणारा आणि श्वास घ्यायला वर येणारा, भलताच बुजरा प्राणी. त्याचा पाण्याखाली फोटो काढायचाच, असं या बाबाच्या मनानं घेतलं.

पण ‘समुद्रगाय’ हा शब्द त्यानं घरात काढायला नको होता. त्याच्या आईनं, म्हणजे आमच्या मावशीनं, पहिला प्रश्न विचारला, “दूध किती देती?” दुसरा, “वासरू हाय का तिला?” नुकतीच वसुबारस झाली होती. गाय म्हटल्यावर तिला हळदकुंकू नको? मावशीनं पुडी बांधून दिली. मी हसून हसून लोळलो. दत्तानं मात्र ती गुमान कॅमेऱ्याच्या पेटीत ठेवली.

तेव्हापासून दिवाळी झाली की, लग्नसराई सुरू व्हायच्या आत, तो दरवर्षी जायचा आणि हात हलवत परत यायचा. “चरून गेलेली तासं दिसत्यात रं, नांगर फिरल्यावानी,” तो सांगायचा. “ती नाय दिसत. आपल्या श्वासाचं बुडबुडं उठलं की पळती.” दारातच मावशी विचारायची, “भेटली का रं?” आणि पुडी तशीच परत यायची. गावात त्याला ‘गाईवाला’ नाव पडलं. मावशीनं कधी टोमणा मारला नाही, पण डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला तेव्हा मला म्हणाली, “दिसतंय तवर फोटू आन म्हनावं त्याला.”

शेवटच्या खेपेला तो घरी जायच्या आधी माझ्या गाळ्यावर उतरला. बॅग खांद्यावर तशीच.

“दिसली, राव. लेकरासकट.”

“आनि पुडी?”

“सोडली पाण्यात.” हे सांगताना त्याचं तोंड लहान पोरासारखं झालं होतं. रोल पुण्यात धुवायला टाकून आला होता. “आईला बोलू नगं. फोटू तिच्या हातात देतो, मंगच.”

...आणि मग तो फोन.

हार घालायला फोटो शोधला, तर सगळ्या तालुक्याचे फोटो काढणाऱ्या दत्ताचा स्वतःचा धड एक फोटो घरात नाही. एकच सापडला, डोळ्यांवर काच आणि तोंडात नळी असलेला. त्यालाच हार घातला. आलेली माणसं बघायची आणि मान खाली घालायची.

दहावा झाल्यावर पुण्याहून फोटो मीच आणले. बहुतेक नुसतं हिरवं, गढूळ पाणी. एकात मात्र राखाडी, गुबगुबीत गाय, आणि तिच्या कुशीला चिकटलेलं पिल्लू. तो मावशीच्या हातात दिला. तिनं अगदी डोळ्यांशी नेला आणि त्यावरून बोट फिरवत राहिली.

“ही गाय, मावशी. अन् हे वासरू.”

“दिसली,” ती म्हणाली. बोट थांबेना. “पर ह्यात त्यो कुठाय?”

“फोटू काढनारा फोटूत नसतो, मावशी,” मी कसाबसा म्हणालो. “त्यो ह्या अंगाला असतो.”

मावशीनं फोटो पालथा केला आणि त्याची कोरी बाजू डोळ्यांजवळ नेली.