सरड्याच्या पेटीतली जमीन

थांबा, हे मले आत्ताच सांगायचं आहे, नाहीतर राहून जाईल!

आम्ही कळमन्याले मातीच्या घरात राहायचो तेव्हाची गोष्ट. मांजरीनं जखमी केलेला एक सरडा मी संत्र्याच्या लाकडी पेटीत ठेवला होता. माझा दादा म्हणे, सरडा म्हणजे रेतीतलाच प्राणी. म्हणून आम्ही पेटीत कन्हान नदीची रेती टाकली. सरडा नाकतोड्यावर झडप घालायचा, अन् तोंडात रेतीच जास्त जायची. त्याचं पोट टणक झालं, खाणं बंद झालं. हा आता मरतो, असं वाटून मी रडकुंडीले आली.

आई दादाले म्हणाली, "रेती खाऊन राहिला ना तो! तुले भात रेतीवर वाढू काय गा?"

रेती काढून पेपर अंथरला, तर त्यावर सरडा घसरून राहिला. बोरा, म्हणजे तागाचं पोतं, टाकला, तर नखं सुतळीत अडकली. शेवटी घर सारवता सारवता आईनं पेटीचा तळही शेणमातीनं सारवला.

दादा हसला, "आता रांगोळीही काढ वं आई!"

सारवण वाळल्यावर मी सरड्याले आत सोडलं. त्यानं बोटं पसरून जमीन घट्ट धरली. हळूहळू पोट मोकळं झालं, अन् एका सकाळी त्यानं नाकतोडा गिळला. आम्ही रोज त्याच सारवणावर अनवाणी चालायचो, तरी ते आम्हाले सर्वात शेवटी सुचलं.

तुमच्या घरी झालं काय हो असं कधी?